झोपलेल्या काट्याची पूजा

माझ्या मुलाने मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा अजून भेटायचा आहे. माझ्याच काट्यावर, माझ्याच कॉम्प्युटरमध्ये दोन अक्षरं घालून त्याने मला फसवलं, आणि मी जवळजवळ वर्षभर लोकांपुढे त्याचं कौतुक करत हिंडलो.

वारासिवनीहून कटंगीला जाणाऱ्या रस्त्यावर माझा धरमकाटा आहे. लोखंडी फलाटावर ट्रक उभा राहतो, खिडकीत मी बसलेला असतो, माझ्यापुढे कॉम्प्युटर. वजन नोंदलं जातं, चिठ्ठी निघते, ड्रायव्हर ती घेऊन राइस मिलमध्ये जातो. मागे एक खोली आहे, तिथे मी राहतो. बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलगा एकच, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे.

माझे वडील मिलमध्ये हमाल होते. मीही पोती उचलली. मग परसवाड्याच्या बाजारात हातात तराजू धरून मोहफुलं घेतली, विकली, आणि असं करत करत हा काटा उभा केला. जी वस्तू घेतली ती भाव पाडून घेतली, आणि सौदा झाल्यावर वरून काहीतरी मागून घेतलं. काटा बसवणाऱ्याकडून मी वरून खिडकी घेतली. तीच ही, जिच्यात मी दिवसभर बसतो. कॉम्प्युटर जुना घेतला. मुलगा तेव्हा शिकत होता. तो म्हणाला, याच्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकतो, ते फुकट असते. फुकट म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलं नाही. एवढं मात्र ठणकावून सांगितलं की पासवर्ड मला पाठ पाहिजे. यंत्र माझं, तर किल्लीही माझ्याकडे.

आता दसऱ्याचं सांगतो, कारण भांडण तिथून निघतं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते, आणि आमच्या घरचा नियम असा की पूजा झोपलेल्या हत्याराचीच करायची. वडील पोती ओढायचा लोखंडी आकडा पाटावर आडवा निजवत. माझ्याकडे तराजू आला तेव्हा मी त्याची पारडी काढून दांडी आडवी ठेवायचो. टांगलेला तराजू म्हणजे कामावर असलेला तराजू, त्याला कुंकू लावायचं नाही. पुढे धरमकाटा आला. एवढा मोठा फलाट आडवा काय निजवणार? मेन स्विच खाली ओढायचा. पंखा, दिवा, वजनाचे लाल आकडे, कॉम्प्युटर, सगळं एका झटक्यात गप्प होतं. मग फलाटावर हळदकुंकू, कॉम्प्युटरला झेंडूचा हार, नारळ. थोडा वेळ तसंच राहू द्यायचं आणि मग मेन वर करायचा.

मुलाने मला याबद्दल टोकलं होतं.

"बाबा, पहिले शटडाउन करत जा. मंग मेन पाडा."

"पूजेच्या वक्ती त्याले विचारत बसू का, का बाबू, बंद होतं का म्हणून?"

"एक मिनिट लागते फक्त."

"काटा जागा अन् कॉम्प्युटर झोपला, असं चालत नाई. सगळे संगच झोपले पाह्यजे."

"मी सांगून राह्यलो फक्त."

"सांगितलं ना? झालं."

मेन असा पाडला की कॉम्प्युटर जे लिहीत असतो ते अर्धवट तुटतं. लिनक्समध्ये सगळ्या फायली एका मुळाखाली असतात, त्याला रूट म्हणतात. डिस्कवर काही तुटलंय असं सिस्टीमच्या लक्षात आलं, की ती त्या मुळावर लिहायला साफ नकार देते. जुनं सगळं दिसतं, वाचता येतं, पण नवं काही ठेवता येत नाही. दर दसऱ्याला मेन वर केला की माझ्या स्क्रीनवर तीच ओळ यायची: रीड-ओन्ली फाइल सिस्टीम. वजन दिसायचं, पण नोंद व्हायची नाही. मी फोन करायचो आणि मुलगा गोंदियापर्यंत रेल्वेने, पुढे बसने घरी यायचा.

कोणी म्हणेल मी मुद्दाम करत होतो. म्हणू द्या. रिवाज माझ्या वडिलांचा आहे.

तो आला की पाठीवरची बॅग न उतरवता आधी खिडकीतल्या स्टुलावर बसायचा. पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा, म्हणजे आजारी डिस्कला हात न लावता तपासता येते. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. डिस्क तपासणारा जो प्रोग्राम आहे, एफएससीके म्हणतात त्याला, तो प्रत्येक तुटक्या जागी थांबून विचारायचा, आणि मुलगा दर वेळी वाय, म्हणजे हो, दाबायचा. मी मागे पोह्यांची प्लेट घेऊन उभा.

"एवढं काय विचारून राह्यलं ते?"

"तुटलेलं जोडू का, विचारते."

"मंग एकदाच हौ म्हणून टाक ना."

"एकदाच म्हणाची सोय आहे बाबा. पण मले एक एक पाहू द्या."

"पोहे थंडे होऊन राह्यले."

"चारा मंग."

मी चारायचो. एवढा मोठा इंजिनियर, एक हात कीबोर्डवर, आणि तोंड उघडायचा. समोरून एखादा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, "सेठ, आज काटा बंद है क्या?" आणि मी आतून ओरडायचो, "डाक्टर बैठा है, दिखता नहीं?"

कंपनीचं काम तो इथूनच करायचा आणि दिवाळी, मंडई उरकून जायचा. दिवाळीनंतर आमच्या भागातल्या गावांत मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, जिलबी, आणि मग दंडारीचे नाचगाण्याचे खेळ. आम्ही दोघं जायचो. तो पाळण्यात बसायचा नाही, मी बसायचो.

गेल्या वर्षी मंडईच्या दिवशी तो म्हणाला, "तुम्ही जा बाबा, मी काट्याचं थोडं काम करतो." मी एकटा गेलो. त्याच्यासाठी गरम जिलबी बांधून घेतली, तिथेही भाव केला, आणि वरून शेव घेतली. परत आलो तर तो हात पुसत उभा होता, जसा मेकॅनिक गाडीखालून निघाल्यावर उभा राहतो.

"आता मेन पाडा, नाई तर हातोडा मारा," तो म्हणाला. "हे नाई बिघडत."

"असं काय केलं?"

"केलं थोडं सेटिंग."

त्या वर्षात मिलच्या फाटकावर असा माणूस उरला नाही ज्याला मी हे सांगितलं नाही. माझ्या पोराने असं काही करून ठेवलं की वीज जाऊ द्या, काही होऊ द्या, काटा उठून उभा राहतो.

या दसऱ्याला मी मेन ओढला. पूजा केली. हार घातला. मेन वर केला. कॉम्प्युटर उठला, लाल आकडा शून्यावर आला, सगळं जिथल्या तिथे. मी नारळाचा तुकडा हातात घेऊन किती वेळ पडद्याकडे पाहत उभा होतो मला आठवत नाही. बाहेर एक ट्रक आला, त्याचं वजन केलं, नोंद झाली, चिठ्ठी निघाली. ड्रायव्हरला खोबरं दिलं. मग फोन केला.

"काय झालं बाबा?"

"काई नाई. चालू झाला."

"पाहा! सांगितलंतं ना मी."

"हौ."

"मंग काहून फोन केला?"

"दसरा आहे, म्हणून केला."

"हौ हौ. सोनं घ्या बाबा, सोन्यासारखे राहा."

"दिवाळीले कधी निघतं?"

तो थोडा थांबला. मला माहीत आहे ते थांबणं. भाव सांगायच्या आधी व्यापारी असाच थांबतो.

"या वक्ती पाहतो बाबा. इकडे लई काम आहे. अन् तुमचं मशीन तर चालून राह्यलं ना आता."

तो आला नाही. दिवाळीत मी खिडकीच्या फळीवर पणत्या लावल्या आणि एका ड्रायव्हरने त्यांच्यावर बिडी पेटवून घेतली. मंडईचा लाऊडस्पीकर शेजारच्या गावातून ऐकू येत होता. मी गेलो नाही. एकट्याने पाळण्यात बसलं तर लोक पाहतात.

मग धानाच्या गाड्या सुरू झाल्या, आणि ऐन गर्दीत माझा जुना प्रिंटर मेला. मी गोंदियाला जाऊन वापरलेला एक प्रिंटर भाव पाडून घेतला, वरून केबल आणि रिबन घेतली. वारासिवनीहून एक मेकॅनिक बोलावला, बरा मुलगा आहे, जोडून द्यायला. त्याने पासवर्ड मागितला, मी स्वतः टाकला. त्याने थोडी खटपट केली आणि पडद्यावर ओळ आली.

रीड-ओन्ली फाइल सिस्टीम.

खरं सांगतो, ती ओळ पाहून मला बरं वाटलं. दारात गाड्या उभ्या, चिठ्ठ्या मी हाताने लिहून देत होतो, आणि मनात पहिला विचार हा आला की आता त्याला यावं लागेल.

"काका, डिस्क गेली तुमची," मेकॅनिक म्हणाला. "नवी टाका लागते. संगच विंडोज टाकून देतो, हे झंझटच नको."

"खोललं का तू?"

"खोलाचं काय काम? लिहून तर आलं."

"न खोलता गेली म्हणते म्हणजे तुह्या थैलीत नवी असन."

"काका, तुम्ही ना," तो हसला, "भगवानासंगबी भाव करान."

"करीन. आधी येऊ दे त्याले काट्यावर."

त्याला चहा पाजून पाठवला आणि मुलाला फोन लावला.

"बिघडला," मी म्हणालो.

"काय बिघडला?"

"कॉम्प्युटर. तेच आलं, रीड-ओन्ली."

"वजन सेव्ह होते का?"

"होते."

"मंग नाई बिघडला. बिघडूच शकत नाई बाबा. प्रिंटरचं मी इकडूनच करून देतो, तुम्ही फक्त नेट चालू ठेवा."

मी नेट चालू ठेवलं नाही. मी आयुष्यभर माल घेतला आहे. माल न पाहता एवढ्या खात्रीने कोण बोलतो? ज्याने पोत्याचं तोंड शिवलेलं असतं तो. आणि मुलाने विचारलेलाच प्रश्न, वजन सेव्ह होते का, मला खटकत राहिला. पूर्वी ही ओळ आली की वजनाची नोंदही व्हायची नाही. आता नोंद होत होती, फक्त प्रिंटर बसत नव्हता. ज्याचा घसा बसतो त्याला कोणाशीच बोलता येत नाही. एकाशी बोलतो आणि दुसऱ्याशी नाही, तो आजारी नसतो.

मिलच्या सुट्टीच्या दिवशी रस्ता रिकामा असतो. त्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी स्वतः त्या स्टुलावर बसलो. मला इंग्रजी कामापुरतंच येतं. फोनवर हिंदी व्हिडिओ लावून, थांबवून, पुन्हा मागे नेऊन मी एक एक गोष्ट केली. आधी सिस्टीमने सुरू होताना काय काय पाहिलं त्याची जंत्री काढली, डीमेसेग म्हणतात. डिस्कबद्दल एक तक्रार नव्हती. तरी मी लगेच जबरदस्तीने लिहायला गेलो नाही. तुटक्या डिस्कवर लिहिलं तर उरलेलंही जातं, हे मुलाकडून ऐकलेलं होतं. फळीवरच्या डब्यात त्याने ठेवलेला पेनड्राइव्ह होता. तो लावला, त्यावरून कॉम्प्युटर सुरू केला, रूटचा भाग कोणता ते शोधलं, आणि तो जोडलेला नाही याची खात्री करून एफएससीके चालवला. वरवर नको, पूर्ण तपास म्हणून सांगितलं.

मी वायच्या बटणावर बोट ठेवून बसलो होतो. प्रोग्रामने एकदाही विचारलं नाही. सगळं साफ. कुठे काही तुटलेलं नव्हतं.

तिथे मला राग यायला लागला. कोणावर ते अजून कळत नव्हतं.

मग रूटचा भाग जोडून ती फाइल उघडली. सुरू होताना कोणता भाग कुठे आणि कसा जोडायचा हे जिच्यात लिहिलेलं असतं ती, एफएसटॅब. वरून खाली बोट फिरवत वाचली. रूटच्या ओळीत इंग्रजी आर आणि ओ. फक्त वाचा. डिस्कने नकार दिलेलाच नव्हता. कोणीतरी हाताने लिहून ठेवलं होतं की या मुळावर कोणी काही लिहायचं नाही. खाली वजनाच्या नोंदींसाठी वेगळा भाग काढलेला, त्यावर लिहायची मुभा. तात्पुरत्या लिखाणाची सोय मेमरीत केलेली, वीज गेली की आपोआप पुसलं जाईल अशी. मेन पडो, काही होवो, मुळाला धक्काच नाही. काम चोख होतं. मी केलं असतं तर मीही असंच केलं असतं. फाइल शेवटची कधी बदलली ते पाहिलं. गेल्या वर्षीची मंडई, दुपार. मी जिलबीच्या रांगेत होतो तेव्हाची.

मी चहाचा कप फलाटावर फेकून मारला. मग बाहेर जाऊन काचा वेचल्या, कारण गाड्यांचे टायर तिथून जातात.

दुरुस्ती म्हणून पाहिलं तर काहीच नव्हती. ओ पुसून डब्ल्यू लिहायचा, म्हणजे वाचा आणि लिहाही. फाइल सेव्ह केली, पेनड्राइव्ह काढला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. रूट कसं जोडलंय ते विचारलं, उत्तर आलं आरडब्ल्यू. एक रिकामी फाइल बनवून पाहिली, बनली. पुसून टाकली. प्रिंटर बसला. पहिली चिठ्ठी मी कोणाच्याच नावाची काढली नाही, नुसतं फलाटाचं शून्य छापलं.

मग फोन लावला.

"एफएसटॅबमधे तूच केलं ना ते?"

तो म्हणाला, "तुम्ही शोधलं? तुमचे तुम्ही?"

"मी विचारून राह्यलो, तूच केलं का?"

"हौ, मीच केलं. जिथी लाइट जाते तिथी असंच करतात बाबा. यात काय झालं?"

"मले काहून नाई सांगितलं?"

मागे त्याच्या ऑफिसातले आवाज येत होते. कोणीतरी हसत होतं.

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तुम्ही काढून टाकलं असतं."

मी फोन ठेवला. मला उत्तर सुचलं नाही असं कोणी समजू नये. मला फोनवर सौदा करायची सवय नाही. समोरच्याचे डोळे दिसल्याशिवाय मी कधी भाव बोललेलो नाही.

त्यानंतर त्याचे फोन आले. जेवले का, गोळी घेतली का, थंडी कशी आहे. मी हौ, नाई करतो. तो त्या गोष्टीवर येत नाही, मीही येत नाही. गाड्या येतात, वजन होतं, नवा प्रिंटर खरखर करतो. हल्ली वाऱ्याने फाटक वाजलं तरी मी खिडकीतून मान काढून पाहतो. ड्रायव्हर विचारतात, सेठ, डाक्टर नहीं आया इस साल? मी म्हणतो, गाडी बराबर लगाओ.

म्हणून हे लिहून ठेवतो आहे, आणि त्याच्याकडे पोचेल अशी व्यवस्था करतो आहे.

डब्ल्यू मी तसाच ठेवला आहे. येत्या दसऱ्याला मी मेन पाडणार, आधी शटडाउन करणार नाही, आणि तुटेल ते तुटू देणार. दुरुस्ती आता मला येते, तेव्हा तुझ्यावाचून काम अडेल असं समजू नकोस. मला हिशोब दुसऱ्या गोष्टीचा पाहिजे. एकदाच हौ म्हणायची सोय असताना तू एक एक वाय दाबत बसायचास. मी मागे उभा असायचो, पोहे थंड व्हायचे, आणि तुला घाई नसायची. मग त्या मंडईच्या दुपारी, मी तुझ्यासाठी रांगेत उभा असताना, तू ते कुलूप कशासाठी घातलंस? डिस्क वाचावी म्हणून, की तुला इथे यावं लागू नये म्हणून? दोन्ही, असं म्हणू नकोस, ते मी ऐकून घेणार नाही. एक काय ते सांग. आणि फोनवर नाही. गोंदियाची गाडी पकड, बॅग न उतरवता या स्टुलावर बस, आणि माझ्याकडे पाहून उत्तर दे.